मूल घर सोडून गेले, पोटगीचे काय?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयाने २०२१ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आदेश केला: वडिलांनी मुलाच्या पोटगीचे दरमहा ९,००० रुपये आईच्या बँक खात्यात भरायचे, मुलगा सज्ञान होईपर्यंत. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) सुपरवायझर आहेत. मुलगा आता १६ वर्षे ४ महिन्यांचा. दहावीनंतर त्याचे आईशी वाजले आणि तो गडहिंग्लजला आजोळी निघून गेला. तिथेच अकरावीला नाव घातले, संध्याकाळी एका गॅरेजमध्ये कामाला जातो, चार पैसे मिळतात. वडिलांचे म्हणणे, मुलगा आईकडे राहतच नाही तर पैसे तिला का द्यायचे? दोन महिने त्यांनी भरलेले नाहीत. आई म्हणते वसुली लावते. आजोबा म्हणतात, माझ्याकडे द्या.

आधी वडिलांसाठी उत्तर, मग कारणे. थांबवलेले १८,००० रुपये या आठवड्यात आईच्या त्याच खात्यात भरा आणि पुढचे महिनेही भरत राहा. त्याच वेळी आदेशात बदल मागणारा अर्ज दाखल करा. हा क्रम उलटा केला तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी पहिल्याच तारखेला तुम्ही ‘थकबाकीदार’ म्हणून उभे राहता. मग न्यायाधीशांचा पहिला प्रश्न मुलगा कुठे राहतो हा नसतो, पैसे का भरले नाहीत हा असतो.

गोंधळाचे मूळ एका समजुतीत आहे. पोटगी म्हणजे मुलाला सांभाळण्याबद्दल आईला दिलेला मोबदला, असे बहुतेकांना वाटते. तसे नाही. ती मुलाची आहे. आई फक्त तिचा स्वीकार करते, आणि कागदावर तिची ओळखही तशीच असते: ‘अज्ञान अमुक, तर्फे अ.पा.क. आई’. अज्ञान म्हणजे १८ खालील मूल, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मुलाच्या वतीने उभी राहणारी व्यक्ती. अज्ञान पालनकर्ता बदलू शकतो, राहते घर बदलू शकते, रक्कम कमीजास्त होऊ शकते. पण मुलाने उंबरठा बदलला म्हणून बापाचे देणे संपत नाही. ते संपते मूल सज्ञान झाल्यावर, स्वतःचा चरितार्थ चालवायला खरोखर समर्थ झाल्यावर किंवा न्यायालयाने आदेश बदलल्यावर. परदेशी वेबसाइटवर ‘इमॅन्सिपेशन’ नावाचा प्रकार वाचून काहीजण येतात, की मूल घराबाहेर पडून स्वतंत्र झाले म्हणजे पालक मोकळे. आपल्या कायद्यात असे काही नाही. १८ पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञानच.

जुने कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे बीएनएसएसमध्ये, कलम १४४ झाले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुने आदेश त्यामुळे रद्द झालेले नाहीत, फक्त नवा अर्ज करताना कलमाचा आकडा नवा घालायचा. या कलमात दोन जागी ‘निघून गेल्या’चा विचार आहे, आणि दोन्ही जागी तो फक्त पत्नीपुरता. पोटकलम ४ म्हणते की पुरेशा कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देणारी पत्नी पोटगीला पात्र नाही. पोटकलम ३ च्या परंतुकात (कलमाला जोडलेल्या अटीत) नवरा ‘नांदायला ये, सांभाळतो’ असा प्रस्ताव ठेवू शकतो आणि तिने नकार दिला तर न्यायालय तिच्या नकाराची कारणे तपासते. मुलासाठी यातले एकही वाक्य लिहिलेले नाही. त्यामुळे ‘तो माझ्याकडे येऊन राहिला तरच खर्च करीन’ ही अट कलम १४४ च्या अर्जात म्हणणे म्हणून लिहिता येते, बचाव म्हणून टिकत नाही.

हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ मात्र थोडा वेगळा चालतो, आणि इथे वकिलांचीही गल्लत होते. कलम २० प्रमाणे आई आणि बाप दोघेही मुलाला सांभाळायला बांधील आहेत; मूल औरस की अनौरस याने फरक पडत नाही. पण रक्कम ठरवताना न्यायालयाने काय पाहायचे ते कलम २३ मध्ये सांगितले आहे, आणि त्यात एक मुद्दा असा: मागणारा वेगळा राहत असेल तर तसे राहणे समर्थनीय आहे का. हा मुद्दा मुलांनाही लागू होतो. म्हणजे या कायद्याखाली दावा असेल तर मुलाने घर का सोडले याची चौकशी होणार. मारहाण, दारू, सावत्रपणाची वागणूक, शिक्षण बंद करण्याचा धाक यातले काही पुराव्यानिशी आले तर वेगळे राहणे समर्थनीय ठरते. मोबाइल काढून घेतला म्हणून १७ वर्षांचा मुलगा मित्राच्या खोलीवर गेला असेल, तर हक्क उरतो पण आकडा खाली येतो, आणि समुपदेशक आधी त्याला घरी परतवायचा प्रयत्न करतो. ते बरोबरच आहे असे मला वाटते.

म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी आदेशाची प्रमाणित प्रत काढा आणि चार गोष्टी पाहा. आदेश कोणत्या कलमाखाली आहे, पैसे कोणाच्या नावाने व कसे भरायचे, मुदत कुठवर, आणि मुलाची रक्कम वेगळी दाखवली आहे की ‘पत्नी व मुलास मिळून’ असा एकच आकडा आहे. कलम महत्त्वाचे, कारण बदल मागायचा दरवाजा त्यावर ठरतो. कलम १२५ किंवा १४४ चा आदेश असेल तर बीएनएसएस कलम १४६. घटस्फोटाच्या निकालातला हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ चा आदेश असेल तर त्याच कलमाखाली त्याच न्यायालयात. दत्तक व निर्वाह कायद्याचा असेल तर कलम २५. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा असेल तर त्याचे कलम २५(२). चुकीच्या कलमाखाली दिलेला अर्ज सहा महिने फिरून ‘चालण्यास पात्र नाही’ म्हणून परत आला की मधल्या काळाची थकबाकी तुमच्या डोक्यावर तशीच. ‘मिळून’ असा आकडा असेल तर मुलगा गेल्यावर त्यातले किती कमी करायचे हे तुम्ही घरी बसून ठरवू शकत नाही. विभागणी करून द्यावी अशी मागणी अर्जातच घाला.

तुमच्या बाबतीत कलम १४६ लागू होते, अर्ज कोल्हापूरच्या त्याच कौटुंबिक न्यायालयात. आजोबा गडहिंग्लजचे असले तरी मूळ आदेश जिथला, तिथेच बदल मागणे सोयीचे. अर्जात मागण्या अशा क्रमाने ठेवा: पैसे आईच्या खात्याऐवजी मुलाच्या खात्यात किंवा थेट कॉलेजच्या फीपोटी भरण्याची परवानगी, ती मिळेपर्यंत रक्कम न्यायालयात जमा करण्याची अंतरिम परवानगी, आणि शेवटी, हवीच असेल तर, रक्कम कमी करण्याची. बहुतेक लोक तिसरी मागणी पहिली लिहितात. अर्ज पैसे वाचवण्यासाठी केलेला दिसतो, आणि तसाच ऐकला जातो. दहा वर्षांवरील मुलाला बँकेत स्वतः चालवायचे बचत खाते उघडता येते, मर्यादा बँक ठरवते. ते आधी उघडून पासबुकाची प्रत अर्जाला जोडली तर पहिल्या मागणीला बळ येते.

सोबत मुलाचा बोनाफाईड, अकरावीच्या फीची पावती, दहावीच्या शाळेचा दाखला (वय त्यावरून ठरते), आणि आत्तापर्यंत भरलेल्या पोटगीचा बँक उतारा जोडा. यूपीआयने भरत असाल तर दर वेळी शेऱ्यात ‘पोटगी, जून’ असे लिहा. नाहीतर पुढे तीच रक्कम ‘मुलाच्या वाढदिवसाला पाठवली’ म्हणून मांडली जाते. दोन्ही बाजूंना मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (४ नोव्हेंबर २०२०) या निकालापासून हे बंधनकारक आहे. आईला कमाई असेल तर तिचाही आकडा त्यात येतो, आणि मुलाचा खर्च दोघांच्या उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येतो.

आता आजोबांचे. त्यांच्या हातात रोख दिलेले पैसे आदेशाच्या हिशेबात आपोआप धरले जात नाहीत. मुलाला घेतलेली सायकल, भरलेला क्लास, पाठवलेला फराळ, काहीच नाही. आदेश म्हणतो आईच्या खात्यात, तर आईच्या खात्यात. उद्या आईने वसुली अर्ज केला तर तुम्ही ‘मी तर सासऱ्यांना दिले’ म्हणाल. न्यायालय दयेने काही वजावट देईलही, पण तो तुमचा हक्क नाही. इथे कोल्हापूर भागातला आवडता उपाय म्हणजे ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असे लिहून घेणे. त्या कागदाने आदेश बदलत नाही. शिवाय मुलाचा हक्क आई सोडूच शकत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘मुलासाठी काही मागणार नाही’ असे कलम घातलेले असले तरी मूल पुढे मागू शकते.

आजोबांना खरेच जबाबदारी घ्यायची असेल तर ते मुलातर्फे अ.पा.क. म्हणून पुढे येऊ शकतात, आणि दत्तक व निर्वाह कायद्याखाली आईकडूनही मागू शकतात. ताबा कायमचा हवा असेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० प्रमाणे अर्ज. त्या कायद्याच्या कलम २५ चे शब्द नेमके या प्रसंगाचे आहेत: पाल्य पालकाच्या ताब्यातून ‘निघून गेला’ किंवा नेला गेला तर न्यायालय त्याला परत पाठवू शकते, पण ते त्याच्या हिताचे असेल तरच. १६ वर्षांच्या मुलाला न्यायाधीश चेंबरमध्ये एकट्याला बोलावून विचारतात. त्याला आईवडिलांनी पढवून पाठवू नये. पाठ केलेली उत्तरे दोन मिनिटांत ओळखू येतात, आणि ज्याने पढवले त्याचे नुकसान होते.

पुष्कळ आजोबा ‘अपहरणाची केस होईल का’ म्हणून घाबरतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे पालकाच्या ताब्यातून १८ खालील मूल नेणे किंवा फूस लावणे गुन्हा आहे. मूल स्वतः चालत आजोळी आले तर ‘नेणे’ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वरदराजन प्रकरणात १९६० च्या दशकातच स्पष्ट केले. तरी आले त्याच दिवशी आईला लेखी कळवा, व्हॉट्सॲप चालेल. मित्राच्या घरचे किंवा खोलीमालक यांनी मात्र अधिक जपावे: पालकांपासून तुटलेले मूल सापडले तर २४ तासांत १०९८, पोलीस किंवा बाल कल्याण समितीला कळवणे बाल न्याय कायद्याने बंधनकारक आहे.

थकवल्यास काय होते तेही नीट समजून घ्या, कारण यावर ऐकीव माहिती फार. कलम १४४(३) प्रमाणे प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ‘आत जाऊन येतो, हिशेब मिटला’ हे चुकीचे. कैद ही वसुलीची पद्धत आहे, फेड नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर प्रकरणात १९८९ मध्ये सांगितले आहे. सुटून आल्यावरही रक्कम बाकीच. आईच्या बाजूने मर्यादा एवढी की या कलमाखाली रक्कम देय झाल्यापासून एक वर्षात वसुली अर्ज करावा लागतो. दिवाणी हुकूमनाम्याला (दिवाणी दाव्यात झालेल्या आदेशाला) ही एक वर्षाची अट नाही, तिथे दरखास्तीला, म्हणजे अंमलबजावणीच्या अर्जाला, १२ वर्षे मिळतात, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा फक्त एकतृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. साध्या कर्जाच्या वसुलीत याहून कितीतरी जास्त वाचतो.

बाप शेतकरी असेल तर वाद उत्पन्नावर अडतो. ‘मला पगार नाही’ हे म्हणणे आपल्या जिल्ह्यात सर्रास लिहिले जाते. तेव्हा सातबारा आणि आठ-अ, कारखान्याचे ऊसबिल, दूध संस्थेचे दहा दहा दिवसांच्या बिलांचे पासबुक, सोसायटीचे पीककर्ज या कागदांवरून वर्षाची बेरीज काढून बाराने भागायची. दिवाणी दावा असेल तर पोटगीचा बोजा सातबाऱ्यावर चढवण्याची मागणी दाव्यातच करावी. हुकूमनाम्यात बोजा नसेल तर जमीन विकली गेल्यावर खरेदीदाराच्या मागे लागणे फार अवघड.

मुलाच्या गॅरेजच्या कमाईचा मुद्दा तुम्ही नक्की काढणार. कायद्याचा शब्द आहे ‘स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ’. कॉलेज करून संध्याकाळी मिळवलेल्या दोन-तीन हजारांवर कोणी जगत नाही, त्यामुळे पोटगी बंद होणार नाही. रक्कम ठरवताना विचारात येईल इतकेच. उलट हा मुद्दा जपून वापरा. १४ ते १८ वयाच्या मुलाला धोकादायक कामाला लावता येत नाही, आणि फौंड्री कारखाने अधिनियमाच्या धोकादायक प्रक्रियांच्या यादीत आहे. ‘मी त्याला आमच्याच फौंड्रीत लावतो, मग तो कमावता होईल’ असे तुम्ही शपथेवर लिहिले तर तुम्ही स्वतःविरुद्धचा पुरावा तयार करत आहात.

काही वेगळ्या परिस्थिती थोडक्यात. मूल आईकडून बापाकडेच आले असेल तर त्याची पोटगी थांबण्यासारखी आहे, पण तीही अर्जानेच. आईची स्वतःची पोटगी त्याने बंद होत नाही. आणि दिवाळीच्या सुट्टीत तीन आठवडे राहिला म्हणजे ‘आला’ नव्हे. शाळा बदलली का, कपडे-पुस्तके कुठे आहेत, आजारपणात दवाखान्यात कोणी नेले, हे पाहिले जाते. दहावीच्या निकालाच्या तिरमिरीत गेलेली मुले गणपतीपर्यंत परत आलेली असतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात अर्ज करू नये असे माझे मत. शाळा-कॉलेज बदलले की मग थांबू नये.

मूल कुठे आहे हेच माहीत नसेल तर पोटगीचा विचार नंतर, आधी पोलीस ठाणे. हद्दीचा वाद घालून परत पाठवता येत नाही, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. हरवलेल्या अज्ञान मुलाच्या तक्रारीवर गुन्हाच नोंदवायचा, असे सर्वोच्च न्यायालयाचे १० मे २०१३ चे निर्देश आहेत. चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जातो. या काळात पोटगी न्यायालयात जमा करण्याची परवानगी मागावी.

मुलगी १८ च्या आत पळून जाऊन लग्न करून बसली की बाप म्हणतो, ‘आमच्यासाठी मेली.’ कायद्यासाठी नाही. कलम १४४ मध्ये अज्ञान मूल ‘विवाहित असो वा नसो’ असे शब्द आहेत, आणि नवऱ्याकडे पुरेसे साधन नसेल तर मुलगी सज्ञान होईपर्यंत बापाने द्यावे असे परंतुक आहे. बालविवाह प्रतिबंधक कायदा, २००६ प्रमाणे तो विवाह रद्द करून घेता येतो, आणि तेव्हा नवऱ्याकडून, तो स्वतः अज्ञान असेल तर त्याच्या आईवडिलांकडून, निर्वाह मागता येतो. तिच्या संमतीला पोक्सोमध्ये (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात) किंमत नाही, हे मुलाच्या घरच्यांनी लक्षात ठेवावे. अविवाहित मुलगी सज्ञान झाली तरी, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तर, दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली लग्नापर्यंत मागू शकते. कलम १४४ खाली नाही. हा फरक अभिलाषा विरुद्ध प्रकाश (२०२०) या निकालात नीट मांडला आहे. मुस्लिम कुटुंबातली मुलेही सज्ञान होईपर्यंत कलम १४४ खाली मागू शकतात.

कोर्टाच्या पायऱ्यांबद्दल दोन गोष्टी. आई आणि मूल दोघांनाही उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. कौटुंबिक न्यायालयाच्या अशा आदेशाविरुद्ध पुनरीक्षण (फेरतपासणीचा अर्ज) उच्च न्यायालयात जाते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू असल्याने त्यासाठी रात्रीची गाडी धरून मुंबई गाठावी लागत नाही. नुसते पुनरीक्षण दाखल केल्याने पोटगी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती देताना बहुधा थकबाकीचा मोठा हिस्सा भरायला लावतात.

तुमचा मुलगा सज्ञान व्हायला २० महिने आहेत. वाद लढवत बसलात तर त्यातले बरेच महिने समन्स, म्हणणे आणि पुराव्यात जातील. आई तयार असेल तर कलम १४६ च्या अर्जातच संयुक्त पर्सिस (दोघांचे मिळून लेखी निवेदन) द्या, मजकूर साधारण असा: ‘अज्ञान मुलगा अमुक तारखेपासून गडहिंग्लज येथे आजोबांकडे राहून अकरावीचे शिक्षण घेत आहे. अमुक तारखेपर्यंतची पोटगी जाबदेणार आईस पोचली आहे. पुढील महिन्यापासून दरमहा रुपये ९,००० अर्जदार वडिलांनी मुलाच्या सोबत नमूद खात्यात प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरावेत. मुलगा जाबदेणार आईकडे परत राहावयास आल्यास मूळ आदेशाप्रमाणे रक्कम तिच्या खात्यात भरली जाईल.’ दोघांच्या सह्या, वकिलांच्या सह्या, आणि त्यावर न्यायालयाचा आदेश झाला का ते रोजनाम्यात (न्यायालयाच्या तारखांच्या नोंदीत) पाहून मगच खाते बदला.